पिंजरा लांब घ्या, उंच नव्हे

भाचीला बजी या छोट्या पोपटांची जोडी पाळायची आहे. तिने दुकानातून पिंजऱ्यांचे फोटो पाठवले. सगळे उभट, एकाला तर वर छान घुमट. मी लगेच फोन करून सांगितलं, यातला एकही घेऊ नकोस.

बजी हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरचा पक्षी, पाण्याच्या शोधात थव्याने लांब लांब उडणारा. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १८ सेंटिमीटर आणि वजन ३०-४० ग्रॅम, पण पंख पसरले की फूटभर होतात. तो उडतो ते आडवं. उभट पिंजऱ्यात वरची सगळी जागा आपल्या डोळ्यांना सुखावते, त्याच्या पंखांना तिचा काही उपयोग नाही. जोडीसाठी मी किमान ३० इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच सांगते, आणि तेही रोज काही वेळ खोलीत मोकळं सोडणार असाल तर. दुकानात जाताना टेप न्या. गोल पिंजऱ्यात अंग चोरून बसायला कोपरा मिळत नाही. शिवाय घुमटाशी तारा जवळ येतात, तिथे नखं आणि बोटं अडकतात.

तारांमधली फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. कॉकाटील या बजीहून मोठ्या पोपटासाठीचे पाऊण इंची फटीचे पिंजरे ऐसपैस असतात, त्यामुळे मोह होतो. पण त्यातून बजी डोकं बाहेर काढतो आणि मान अडकून मरू शकतो.

माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे तो तारेबद्दल. स्वस्त पिंजरे बहुधा गॅल्व्हनाइज्ड जाळीचे, म्हणजे वर जस्ताचा थर दिलेले असतात. बजी चोचीने तार धरून चढतो, रिकामा असला की तीच कुरतडत बसतो. ते जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. जोडांवर पांढरी भुकटी किंवा धातूचे गोठलेले थेंब दिसले तर तो पिंजरा उचलूच नका. स्टेनलेस स्टील उत्तम, पण महाग. चांगलं पावडर कोटिंगही चालतं, फक्त टवके उडालेले नसावेत. आमच्या ठाण्याच्या पावसाळी हवेत टवका उडाला की तिथे गंज धरतोच.

वर सरकणारी दारं बजी चोचीने उचलतात, आणि ते दार मानेवर पडू शकतं. आमच्या मिठूने ही विद्या केव्हाच शिकून घेतली आहे, म्हणून आमच्याकडे प्रत्येक दाराला स्टीलची क्लिप असते.

सोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावा, काही जाड, काही बारीक. सतत एकाच जाडीवर बसून तळव्यांना फोड येतात.

पिंजरा स्वयंपाकघरात तर ठेवूच नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वाफांनी पक्षी काही मिनिटांत मरतात. हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला टेकवून, थेट उन्हापासून दूर ठेवा.

दुकानदाराने हळूच देशी पोपटाचं पिल्लू दाखवलं तर तिथून निघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणं गुन्हा आहे.

भाचीला म्हटलंय, आधी पिंजरा आण, धुऊन वाळव, फांद्या लाव. पक्षी आणायला मी सोबत येईन.