मामाचा प्रश्न: नांगर केवढो?

दिवाळीत मालवणला मामाकडे होतो, मामा आयुष्यभर होडीवर, आणि मी जरा शायनिंग मारत सांगितलं की अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात पर्डिडो नावाचा तेलाचा प्लॅटफॉर्म आहे, २०१० पासून चालू, खाली पाणी जवळजवळ २४५० मीटर, म्हणजे पाय रोवायचा प्रश्नच नाही, तो तरंगतो आणि ९ दोरांनी बांधलाय, एकेक दोर ३ किलोमीटरच्या वर. मामाने जाळं विणता विणता विचारलं, "मगे नांगर केवढो?"

खरं सांगायचं तर आपला नांगर तिथे चालतच नाही. मामालाच माहीत असतं की दोर भरपूर सोडायचा, ओढ आडवी लागली की नांगर रुततो, उभा ओढला की सुटतो. पण एवढ्या खोलीत इतका दोर सोडणार कुठून, आणि लोखंडी साखळी लावली तर तिचं स्वतःचंच वजन प्लॅटफॉर्मला खाली खेचत बसणार. म्हणून मधला सगळा दोर पॉलिस्टरचा, हो तोच आपल्या शर्टातला, पाण्यात त्याचं वजन जेमतेम राहतं. साखळी फक्त वरच्या आणि तळाच्या टोकाला, कारण दोर तळाला घासला आणि वाळू धाग्यांत घुसली की संपलं.

दोर असा तिरका, ताणलेला, म्हणजे नांगराला वर ओढ बसणारच. तिथे सक्शन पाइल लावतात. लहानपणी स्टीलचा पेला तोंडाला लावून आतली हवा ओढली की तो गालाला चिकटून बसायचा, आठवतंय? तसाच हा एक भलामोठा लोखंडी डबा, वरून बंद खालून उघडा. तळावर ठेवला की स्वतःच्या वजनाने थोडा चिखलात जातो, मग पाण्याखालचा रोबॉट त्याला पंप जोडून आतलं पाणी बाहेर काढतो, आतला दाब कमी झाला की बाहेरचं पाणीच त्याला खाली दाबत नेतं. घण नको, ठोकाठोकी नको. मला तर हे भारीच वाटतं!

"आनि काढूचो कसो?"

उलटा पंप मारायचा, आत पाणी भरलं की डबा वर येतो.

मामा गप्प. मग म्हणाला, "आमचो गेल्या साली खडकात अडाकलो, दोर कापूक लागलो."

खडकात हा डबाही घुसत नाही हे मी सांगितलं, तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.