‘गुरूवार’ छापून आला तो दिवस

साताऱ्यातल्या एका छापखान्यात मी गेली एकवीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि अलीकडे फ्लेक्सचा मजकूर, असे सगळे छपाईला जाण्याआधी माझ्या टेबलावरून जाते. या कामात माणसाला एक खोड जडते, ती म्हणजे त्याला रस्त्याने सरळ चालता येत नाही. एस.टी. स्टँडपासून छापखान्यापर्यंतच्या दहा मिनिटांत ‘महत्वाची सुचना’, ‘हार्दीक शुभेच्छा’, ‘ताजे दुध’, ‘पारंपारिक दागिने’ असे इतके काही वाचून होते की, टेबलापाशी पोहोचेपर्यंत माझे डोके तापलेले असते. घरचे म्हणतात, वाचू नका. अक्षर दिसले की ते वाचले जाणारच, त्याला माझा इलाज नाही.

गेल्या वर्षी डिसेंबरात आमच्याकडे एका शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका आली. १६० पाने, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पाने असे दहा फॉर्म, आणि १,००० प्रती. माजी विद्यार्थ्यांचे चाळीसेक लेख होते आणि त्यांतले बहुतेक मोबाइलवर लिहून जसेच्या तसे पाठवलेले होते. ‘शाळे मध्ये’, ‘सरां मुळे’ असे शब्दयोगी अव्ययांचे मूळ शब्दाशी असलेले नाते जागोजाग तुटलेले. ‘जावून’ आणि ‘घेवून’ तर पानोपानी. वास्तविक त्यात पाठ करण्यासारखे काही नाही. धातूतच ‘व’ असेल तर तो राहतो आणि धावून, ठेवून, जेवून ही रूपे होतात, आणि नसेल तर तो आणायचा कुठून? पण जी मंडळी ‘जावून’ लिहितात तीच नेमकी ‘जेऊन’ लिहितात, म्हणजे जिथे ‘व’ हवा तिथून काढून तो नको तिथे बसवतात. एका गृहस्थांनी लिहिले होते, ‘सरांनी माझी खूप मदत केली.’ मराठीत मदत मला होते. माझी मदत ही हिंदीकडून आलेली उसनवारी आहे. आभाराच्या पानावर ‘स्नेहभोजनासाठी पहाटेपासून राबणाऱ्या आचार्यांचे’ आभार मानलेले होते. मोबाइलवर ‘र्य’ सहज उमटतो आणि ‘ऱ्य’ अनेकांना सापडतच नाही, त्यामुळे शाळेचे आचारी थेट शंकराचार्यांच्या पंगतीला जाऊन बसले होते. चिडत असलो तरी त्या ठिकाणी मला हसू आले, हे कबूल केले पाहिजे.

सर्वांत जास्त चिडलो तो शाळेच्या पहिल्या तुकडीतल्या एका गृहस्थांवर. त्यांचा लेख हाताने लिहिलेला, वहीची सात पाने. ‘गुरु’, ‘कवि’, ‘शाळेंत’, ‘आम्हीं’. पहिल्या तीन पानांवर मी लाल पेन असा काही चालवला की, मूळ निळी अक्षरे शोधावी लागली असती. चौथ्या पानावर ध्यानात आले की, या चुका नव्हेतच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम राज्य शासनाने स्वीकारले ते १९६२ साली आणि त्यांत आणखी चारांची भर पडली ती १९७२ साली. उच्चारात नसलेले अनुस्वार तेव्हा गेले, आणि संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले ‘कवि’, ‘गुरु’, ‘हरि’ यांसारखे शब्द शेवटी दीर्घ झाले. हे गृहस्थ त्याच्या आधीच शाळा सोडून गेलेले. त्यांना जे शिकवले होते ते त्यांनी सत्तर वर्षे सांभाळले होते, आणि सातही पानांत एकही अनुस्वार भलत्या जागी पडलेला नव्हता. तरीही त्यांची सुटका नव्हती. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य तेवढे मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे सगळे नव्या नियमांप्रमाणे, असे नियमच सांगतो. मी अनुस्वार काढले, ‘कवि’चा कवी केला. मात्र ‘गुरु’ हा शब्द त्यांच्याच नव्हे, तर निम्म्याअधिक लेखांत ऱ्हस्व होता. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, प्लेट रात्रीच करायच्या होत्या, आणि मी कंपोजला बसणाऱ्या मुलाला जाता जाता सांगितले, ‘‘गुरू सगळीकडे दीर्घ कर रे.’’

त्याने माझा शब्द न् शब्द पाळला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे प्रमुख, त्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, छपाई कुठवर आली ते पाहायला आले. चार फॉर्म छापून झाले होते. सरांनी गठ्ठ्यावरचा एक कागद उचलला, चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘‘तुमच्याकडे गुरुवार कधीपासून दीर्घ झाला?’’

मी कागद हातात घेतला. ‘गुरूवारी सकाळी प्रार्थनेनंतर’. खाली ‘गुरूजींनी’. पुढच्या पानावर ‘गुरूपौर्णिमा’, त्याच्या शेजारच्या स्तंभात ‘यशाची गुरूकिल्ली’, आणि विज्ञानाच्या शिक्षकांच्या लेखाला तर मथळाच ‘गुरूत्वाकर्षण शिकवताना’. एकटा ‘गुरू’ दीर्घ, त्याला विभक्तीचा प्रत्यय लागला तरी दीर्घ, जसे गुरूंनी, गुरूला. पण तोच समासात पहिल्या जागी बसला की, ऱ्हस्व होतो. हे मी त्या मुलाला आजवर वीस वेळा समजावून सांगितले असेल आणि त्या संध्याकाळी मीच विसरलो होतो. संगणकाला समास कळत नाही, त्याला फक्त अक्षरे दिसतात. नुसता सुटा शब्द शोधायला सांगावे तर मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटलेले असल्यामुळे ‘गुरुंनी’ आणि ‘गुरुला’ त्याच्या हातून निसटतात. अर्धा शब्द शोधायला सांगावे तर तो गुरुवारही पकडून आणतो. म्हणून एक-एक जागा डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. एकच शब्द तर बदलायचा आहे, म्हणून मी नवे प्रूफ काढले नव्हते. चार फॉर्ममध्ये मोजले तेव्हा तेवीस जागा निघाल्या. त्या तेविसांपैकी एकही जागा लेखकाने चुकवलेली नव्हती. ज्यांच्या ‘जावून’वर मी दिवसभर कुरकुरत होतो, त्यांनीसुद्धा ‘गुरुवार’ बरोबर लिहिला होता.

मालकांनी फॉर्म पुन्हा छापून देण्याची तयारी दाखवली. चार हजार कागदांचा प्रश्न होता आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, तेच मला अधिक लागले. सर नको म्हणाले. कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता. ‘‘मथळ्याचा फॉर्म तेवढा पुन्हा घ्या, बाकीच्यांसाठी एक चिठ्ठी घालू. मुलांना चूक कबूल करायला लावत आलो, आता आपण करू,’’ असे म्हणून ते चहा घेऊन गेले. ते त्या मुलाला रागावले नाहीत, मलाही नाही. मला मात्र मुलाला रागवावेसे वाटत होते, आणि ते जमेना, कारण त्याने चूक केली नव्हती.

दुपारी त्याने चिठ्ठी कंपोज करून माझ्यासमोर ठेवली. वर ठळक अक्षरांत मथळा होता, ‘शुध्दीपत्र’. चार अक्षरांच्या शब्दात दोन चुका! ‘शुद्धी’ समासात आधी आल्यामुळे ऱ्हस्व, ती गुरुवारचीच भानगड. पण ‘द्ध’चा ‘ध्द’ ही माझी जुनी दुखरी जागा आहे. प्रसिध्द, बुध्द, युध्द, पध्दत, असे तो सगळीकडे उलटा झालेला दिसतो. मी त्याला म्हटले, ‘‘मोठ्याने म्हण.’’ त्याने म्हटले. जीभ आधी ‘द’पाशी अडते आणि मग ‘ध’चा श्वास सुटतो, आधी ‘ध’ म्हणून मग ‘द’ म्हणायला गेले तर तोंडातून नीट शब्दच निघत नाही. त्याने दोन्ही तऱ्हा तीन-चारदा करून पाहिल्या, स्वतःशीच हसला आणि अक्षरे फिरवली. नियम सांगून जे वीस वेळा झाले नव्हते ते त्या दोन मिनिटांत झाले.

संध्याकाळी वाईकडच्या एका गावातला मध्यम वयाचा माणूस आईच्या दशक्रियाविधीच्या फ्लेक्सचा मजकूर घेऊन आला. ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला काही सांगत नाही, गुपचूप दुरुस्त करतो. आई गेलेल्या माणसाला ऊकार शिकवण्यात काय अर्थ आहे? मी मुलाला नुसती खूण केली आणि त्याने ‘पूर्ण’ आणि ‘श्रद्धांजली’ या दोन्ही जागा न विचारता सुधारल्या. खाली नाव होते, कै. अनुसया. फोटोखाली आईची सही छापायची होती, म्हणून त्याने बचतगटाच्या एका जुन्या अर्जाची झेरॉक्स आणली होती. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात सही शिकली, असे त्याने आपणहून सांगितले.

तो पैसे द्यायला मालकांकडे गेला, तेव्हा मुलगा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, ‘‘काका, नावही चुकलंय. मागं तुम्हीच सांगितलं होतं, अनसूया.’’

मी झेरॉक्स पाहिली. सगळी अक्षरे शिरोरेषेला लोंबकळत असावीत तशी वाकडी, आणि ‘न’चा ऱ्हस्व उकार दोनदा गिरवून चांगला ठसठशीत केलेला.

‘‘नाव तसंच ठेव,’’ मी म्हणालो, ‘‘आणि प्रूफ काढ.’’