कोल्हापूरचं शाहू स्टेडियम: एक मुंबईकर, एक गोंयकार आणि दोन पेठा

मी मुंबई सिटीचा, माझा मित्र मडगावचा आणि अर्थातच एफसी गोवाचा, हे दोन्ही आयएसएलचे म्हणजे इंडियन सुपर लीगचे फुटबॉल क्लब. आमच्यात कुणाचं स्टेडियम भारी आणि कुणाचं शहर फुटबॉलचं हा वाद कॉलेजपासून चालू आहे आणि तो मिटवायला आम्ही दोघंही तिसऱ्याच गावी गेलो, कोल्हापूरला. माझी आत्या तिथे मंगळवार पेठेत राहते, आत्तेभाऊ पाटाकडील या तिथल्या फुटबॉल संघाचा कट्टर, आणि वहिनीचं माहेर शिवाजी पेठ. ज्यांना कोल्हापूरचा फुटबॉल माहीत आहे त्यांना यावरूनच कळेल की त्या घरात सीझनमध्ये काय चालत असेल. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सगळं नीट लिहून काढतोय, थोडं लांबेल.

आधी प्रवास. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस सगळ्यात सोयीची, रात्री सीएसएमटीहून बसायचं आणि सकाळी कोल्हापूर, पण शनिवार-रविवार धरून जाणार असाल तर रिझर्वेशन खूप आधी करा कारण अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी कायम असते. गोव्याकडून थेट ट्रेन नाही, मित्र बसने आला. गोव्याकडून गाडीने येणार असाल तर आंबोलीहून या किंवा कणकवलीपर्यंत येऊन फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे, दोन्ही रस्ते सुंदर आहेत पण रात्री घाट टाळा.

आता मुद्द्याचं. शाहू स्टेडियम हे कुठल्याही एका क्लबचं नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, तिथे लीग भरवते आणि पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, खंडोबा, जुना बुधवार, संध्यामठ, फुलेवाडी हे सगळे संघ त्याच एका मैदानावर खेळतात. मित्राने पहिल्याच दिवशी विचारलं, मग होम टीम कुठली? आत्तेभाऊ म्हणाला, "हितं समदीच होम टीम हायती भावा, अवे कुणीच न्हाई." आम्हाला हे पचायला वेळ लागला. आमची सगळी भांडणं माझं ग्राउंड-तुझं ग्राउंड यावर, आणि इथे पोरं एकमेकांचं तोंड बघत नाहीत मॅचच्या दिवशी, पण मैदान एकच. त्यामुळे इथे गॅलरी वाटल्या जातात. कुठल्या पेठेची पोरं कुठे बसणार हे तिकिटावर छापलेलं नसतं पण सगळ्यांना ठाऊक असतं, आणि नवख्या माणसाने हे आधी विचारून घेणं ही सगळ्यात महत्त्वाची सूचना.

या संघांच्या पूर्ण नावांमध्येच (पाटाकडील तालीम मंडळ वगैरे) तालीम मंडळ का आहे हेही तिथे गेल्यावर उमगतं. हे क्लब कुणी मालकाने टीम विकत घेऊन काढलेले नाहीत, पेठेतल्या कुस्तीच्या तालमी आणि तरुण मंडळं यांनीच फुटबॉल संघ उभे केले. गणपती बसवणारी पोरं, वर्गणी काढणारी पोरं आणि मॅचला ढोल-ताशा घेऊन येणारी पोरं तीच. आजोबा खेळले, वडील खेळले, आता नातू ज्युनियरमध्ये आहे अशी घरं तिथे सहज भेटतात. अलीकडे बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूसुद्धा हे संघ आणतात आणि तो खेळाडू आठवड्याभरात पेठेतल्या चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या ओळखीचा होतो. आमच्या मुंबई सिटीच्या खेळाडूला मी कधी टपरीवर बघितलेलं नाही आणि बघेन असंही वाटत नाही.

आम्ही जी मॅच बघितली ती पाटाकडील विरुद्ध शिवाजी. म्हणजे मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ. तिथे याला ईर्षा म्हणतात आणि ती सकाळपासूनच रस्त्यावर दिसते, झेंडे लावलेल्या मोटारसायकली, चौकाचौकात पोरांचे घोळके, दुकानदार लवकर शटर ओढून निघायच्या तयारीत. वहिनीने सकाळीच जाहीर केलं की आज स्वयंपाक लवकर आटपणार आणि ती तिच्या भावाबरोबर जाणार, आमच्याबरोबर नाही. स्टेडियममध्ये शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते ऊन आणि आवाज. सिमेंटच्या पायऱ्यांच्या उघड्या गॅलऱ्या, दुपारची वेळ, आणि तरी किक-ऑफच्या बऱ्याच आधी पायऱ्या भरलेल्या. कॉर्नर मिळाला तरी गोल झाल्यासारखा कल्ला, आणि रेफ्रीने उलटा निर्णय दिला की एक अख्खी बाजू उभी. माझ्या शेजारी बसलेले पांढऱ्या टोपीतले आजोबा लेफ्ट बॅक पुढे चढला की "मागं ये, मागं ये" असं ओरडत होते आणि खरंच दोनदा त्याच जागेतून अटॅक आला. हे प्रेक्षक नुसते आरडाओरडा करत नाहीत, त्यांना गेम कळतो. मॅच बरोबरीत सुटली आणि रात्री घरात आत्तेभाऊ आणि वहिनी दोघंही आपणच जिंकायला हवं होतं हे पुराव्यासकट पटवत होते.

आता आमचा वाद. मी प्रामाणिकपणे लिहितो. स्टेडियम म्हणून फातोर्डा, म्हणजे मडगावातलं एफसी गोवाचं मैदान, तिघांत सरस. 1989 पासूनचं, डोक्यावर छप्पर, 2017 च्या अंडर-17 वर्ल्डकपच्या मॅच तिथे झाल्या, मडगावच्या कदंब बसस्टँडपासून चालत जाता येतं, आणि मॅचच्या दिवशी अख्खं मडगाव त्या मूडमध्ये असतं. आमचं अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल आझाद नगर मेट्रोला खेटून आहे, पोचायला सगळ्यात सोपं, मैदानाच्या इतकं जवळ बसता येतं की खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं, पण ते दहा हजारांच्याही आतलं आहे आणि मुंबईसारख्या शहराला ते पुरत नाही हे मला मान्य आहे. आणि मुंबईत फॅन कल्याणहून येतो, वसईहून येतो, मॅच संपली की शेवटच्या लोकलकडे पळतो. एका वस्तीचं असं ते स्टेडियम कधी झालंच नाही. मुंबईचा जुना फुटबॉल कूपरेजवर वाढला, आम्ही 2014 मध्ये सुरू झालो ते नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर, 2016 ला अंधेरीत आलो.

मैदानावरचा हिशोब मात्र आमच्या बाजूने. 24 एप्रिल 2024, फातोर्डा, आयएसएलची सेमीफायनल, गोवा 90 व्या मिनिटापर्यंत 2-0 पुढे आणि तिथून आमचे तीन गोल, छांगटे, विक्रम प्रताप, परत छांगटे, 3-2. मित्र यावर लगेच मार्च 2019 काढतो, अंधेरीत येऊन गोव्याने आम्हाला 5-1 हाणलं होतं ते. हे दोन्ही किस्से आम्ही आत्तेभावाला सांगितले, त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं की तुमच्या शेजारच्या घरात दुसऱ्या टीमचं कुणी राहतं का. नाही राहत. तोच फरक आहे. आमची ईर्षा पाचशे-सहाशे किलोमीटरची, त्यांची एका गल्लीची. माझ्या मते म्हणूनच आयएसएलची टीम नसताना, टीव्हीवर जाहिराती नसताना इथे लीगला हजारोंनी माणसं येतात, चालत येतात, आणि त्यातूनच अनिकेत जाधवसारखा पोरगा 2017 ला भारताच्या अंडर-17 संघात आणि पुढे आयएसएलमध्ये पोचतो. एवढ्या प्रेक्षकांच्या डोक्यावर निदान एका बाजूला तरी छप्पर असावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

स्टेडियमला लागूनच म्हणावं असं खासबाग मैदान आहे, ते बघितल्याशिवाय येऊ नका. राजर्षी शाहू महाराजांनी युरोपात कलोसियम बघून कुस्तीसाठी बांधून घेतलं, 1912 चं काम. मधला हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, मध्ये एकही खांब नाही, कुठूनही बसा कुस्ती पूर्ण दिसते. मित्र स्टेडियमच्या आर्किटेक्चरमध्ये रमणारा माणूस, तो तिथे बराच वेळ नुसता चकरा मारत होता.

बाकी कामाच्या गोष्टी. सीझन साधारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत, आधी लीग आणि मग वेगवेगळ्या चषकांच्या नॉकआउट स्पर्धा. टाइमटेबल बदलत राहतं, म्हणून तिकडच्या पेपरातलं क्रीडा पान किंवा कोल्हापुरातला कुणी ओळखीचा, यावर भरवसा ठेवा. तिकीट किरकोळ असतं, पण मोठ्या मॅचला लवकर जा. मॅच दुपारच्या असल्याने पश्चिमेच्या बाजूला बसलात तर ऊन पाठीवर येतं, तोंडावर नाही. टोपी आणि पाणी हवंच. कुठल्याच संघाच्या रंगाचा शर्ट घालू नका, साधा पांढरा-करडा घाला, आणि मॅच तापली असेल तर शिट्टी वाजल्यावर दहा मिनिटं जागेवरच बसा, गर्दी आणि पोलीस दोन्ही पांगू द्या. लहान मुलं बरोबर असतील तर अशा ईर्षेच्या मॅचऐवजी साधी लीग मॅच निवडा. गाडी नेऊ नका, अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येतं, एसटी स्टँडवरून रिक्षा करा.

खाण्याचं: सकाळी मिसळ, उद्यमनगरात फडतरे किंवा बावड्याची, पण उशीर केलात तर संपते. दुपारी तांबडा-पांढरा खाऊन उन्हात बसू नका, तो रात्रीसाठी ठेवा. मॅच सुटल्यावर खासबागेच्या खाऊगल्लीत भेळ, तिथेच दोन्ही पेठांची पोरं एकाच गाडीभोवती उभी राहून मॅचचं पोस्टमॉर्टम करतात आणि ते ऐकण्यासारखं असतं. रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध. वर्ल्डकपचं वर्ष असेल तर जून-जुलैमध्ये मॅच नसल्या तरी पेठांमधून एक फेरी मारा, अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे आणि मेस्सीचे कटआउट चौकाचौकात लागलेले असतात.

पुढच्या सीझनला आम्ही दिलबहार-प्रॅक्टिस धरून जाणार आहोत, यावेळी आत्तेभाऊ फातोर्ड्याला येऊन मग आम्हाला परत घेऊन जाणार असं ठरलंय. कुणाला बरोबर यायचं असेल तर सांगा, आत्याच्या घरी जागा आहे, फक्त पाटाकडीलबद्दल जपून बोलायचं.