आमची वाटचाल : ६० मीटर पुळण

समुद्रकाठी वाळूच्या टेकड्या पुन्हा उभ्या करणं हा आमचा धंदा, आणि वाळू अडवायला आम्ही झाप, म्हणजे झावळ्यांचे विणलेले पडदे, उभे करतो. झाप बघितला की विणणाऱ्याला वारा कळतो की नाही ते कळतं. घट्ट विणलेला झाप वाऱ्याला भिंतीसारखा अडवतो, मग वारा वळसा घालून पायथ्याचीच वाळू उकरतो आणि महिन्याभरात झाप आडवा होतो. निम्मा उघडा ठेवला तर वारा आरपार जातो पण मंदावतो, आणि अंगावरची वाळू तिथेच टाकून जातो. हे मला मामांनी शिकवलं. आमचं भांडवल म्हणजे मामांचा कोयता, दोन पहारी, सुंभाची गुंडाळी आणि वीतवीतभर अंतरावर लाल पट्टे मारलेला एक बांबू. तो पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, रोवायचा आणि दर अमावास्येला किती पट्टे बुडाले ते मोजायचं. तो बांबू आजही ऑफिसच्या दारामागे उभा आहे.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा एका बाईंच्या वाडीत खारं पाणी शिरलं, विहीर मचूळ झाली. वाडीसमोरची वाळूची टेकडी कुणीतरी भरावासाठी आधीच उचलून नेली होती. माझी तेव्हा साधी रोपवाटिका होती. बाई म्हणाल्या, "रोपं विकतोस ना, मग मला टेकडी लावून दे." सगळ्यात पुढे रावणमिशा हे वाळू धरणारं काटेरी गवत, त्याच्या मागे मर्यादवेल ही वाळूवर पसरणारी वेल, मग निगडी, मागे केवडा आणि उंडी. ते आमचं पहिलं काम. अजूनही दिवाळी झाली की बाईंचं बोलावणं येतं. पैसे पाकिटात, सोबत सोलांची पुडी.

पुढची काही वर्षं बरी गेली.

२०१८ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाचं काम मिळालं. घरं भरतीरेषेपासून २०० मीटरच्या मागे, कागदपत्रं चोख. पण समुद्र दिसावा म्हणून आधीच्या जमीनमालकाने समोरची टेकडी सपाट केली होती. वाळूच्या टेकड्या सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, पहिल्या, सगळ्यात संरक्षित वर्गात येतात, म्हणून ती पूर्ववत करायची होती. लांबी १८० मीटर. दिवाळीनंतर झाप उभे केले, कारण ओली वाळू उडत नाही. ती उडते उन्हाळ्यात, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर. पहिल्याच हंगामात ४ पट्टे बुडाले. पहिल्या सरी पडल्या तशी मर्यादवेलीच्या तीन-तीन पेऱ्यांची कांडं पुरली.

दुसऱ्या वर्षी दगडी बंधाऱ्याचा एक ठेकेदार आला. दोन महिन्यांत भिंत, वर फिरायला फरसबंदी. आम्ही तीन वर्षं मागितली होती. ज्याला फ्लॅट विकायचे आहेत तो काय निवडणार? आमच्या १२० मीटरवर जेसीबी फिरला, रुजलेली वेल चाकाखाली गेली. ६० मीटर उरले ते केवळ होड्या ओढायची जागा आहे म्हणून गाव अडून बसलं म्हणून. साडेनऊ लाखांचं बिल अडकलं. त्यातच २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी. नऊ माणसांपैकी सहा जणांना घरी पाठवावं लागलं. उरलेल्यांच्या मजुरीसाठी मामांनी स्वतःच्या होडीचं इंजिन विकलं. मला न विचारता.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दोन दिवसांनी तिथे पोचलो. भिंत जागेवर होती, हे मी आजही कबूल करतो. पण तिच्यापुढची पुळण खचली होती आणि दोन्ही टोकांना समुद्राने पुरुषभर खोल खणलं होतं. आमच्या ६० मीटरची पुढची निम्मी टेकडी गेली. ती जायचीच असते, ती वाळू समोरच्या उथळ पाण्यात थांबते आणि पाऊस सरला की बरीचशी परत येते. मागची निम्मी मर्यादवेलीने धरून ठेवली. परतताना बाईंकडे गेलो. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या होत्या, तेवढ्या वाऱ्यापुढे टेकडी काय करणार! पण बाईंनी विहिरीवरून तांब्या भरून आणला. "पिऊन बघ." पाणी गोडं होतं.

घर घेणाऱ्यांना सांगतो, खिडकीतून लाटा दिसतात का ते बघू नका, समोर रावणमिशा आहे का ते बघा. समुद्राकडे जायची वाट तिरकी काढा, सरळ वाटेने उधाणाचं पाणी आत येतं. सुरूचं झाड लावायचंच तर टेकडीच्या मागे लावा, पुढे लावलंत तर त्याच्या काड्यांच्या थराखाली वेल रुजत नाही आणि मुळं उघडी पडून झाडही पडतं. आणि या धंद्यात येणाऱ्यांनो, पहिला झाप उभा करण्याआधी निम्मे पैसे हातात घ्या.

त्या बिलातले चार लाख अजून यायचे आहेत. त्याच व्यावसायिकाच्या नव्या माहितीपत्रकात आमच्या ६० मीटरचा फोटो आहे, मर्यादवेलीच्या जांभळ्या फुलांसकट, आणि खाली छापलंय 'नैसर्गिक किनारा'. मामांनी ते पान बराच वेळ हातात धरलं आणि मला परत दिलं.

२०२२ मध्ये तिथल्या रहिवाशांनीच सोसायटीतर्फे बोलावलं. भिंतीच्या उत्तर टोकापासून काम सुरू आहे. झाप अजून मामाच विणतात. परवा मोजलं, नव्या बांबूचे ५ पट्टे बुडालेत. मामांच्या इंजिनाचे पैसे मात्र मला अजून फेडायचे आहेत.