क्वेकच्या शेवटच्या खोलीत माझी धून

गेले दोन आठवडे रात्री सगळं आवरलं की माझा एकच उद्योग चाललाय, क्वेकमध्ये स्वतःचं म्युझिक घालायचं. क्वेक म्हणजे आयडी सॉफ्टवेअरचा जुना कॉम्प्युटर गेम, १९९६ चा. त्यासाठी ट्रेंचब्रूम या मॅप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक छोटासा मॅप, म्हणजे गेममधली फिरायची जागा, बनवलाय, तीन खोल्या आणि एक लांब बोळ, आणि मला असं हवं होतं की बोळातून चालत निघालं की शेवटच्या खोलीतून कीबोर्डवर वाजवलेली माझी एक धून हळूहळू ऐकू यायला लागावी, जवळ गेलं की मोठी, मान वळवली की एकाच कानात.

नुसतं मागे वाजणारं म्युझिक हवं असेल तर फार त्रास नाही. मूळ गेम ते सरळ सीडीवरून वाजवायचा, सीडीचा पहिला ट्रॅक डेटाचा आणि गाणी दुसऱ्यापासून पुढे, त्यामुळे क्वेकस्पाझमसारख्या नवीन पोर्टमध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरसाठी केलेल्या आवृत्तीत, म्युझिक फोल्डरात ट्रॅक०२ अशा नावाने ओजीजी फाइल टाकली की झालं. पण ते सगळ्या मॅपभर सारखंच वाजतं. खोलीतून आवाज यायला हवा असेल तर गेमच्या लेखी तो साउंड इफेक्ट, आणि साउंड इफेक्ट म्हणजे वेव्ह फाइल. शिवाय मला ते जुन्या विनक्वेकवरच, म्हणजे गेमच्या मूळ विंडोज आवृत्तीवरच, चाललेलं बघायचं होतं.

जागा शोधायला वेळ लागला नाही. मॅपमध्ये ठेवायला 'अँबियंट कॉम्प हम' नावाची एंटिटी, म्हणजे मॅपमध्ये मांडायची एक तयार वस्तू, असते, कॉम्प्युटरच्या घरघरीची, ती साउंड फोल्डरमधल्या अँबियन्समधली कॉम्प१ ही वेव्ह फाइल वाजवते. म्हणजे त्याच नावाने माझी फाइल ठेवली की काम झालं. मी ती आयडी१ या गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाकली आणि गेममध्ये जुनी घरघरच ऐकू येत राहिली, कारण त्या फोल्डरमधली पॅक फाइल, जिच्यात गेमच्या सगळ्या फाइली एकत्र बांधलेल्या असतात, ती गेम आधी बघतो आणि सुट्या फाइली नंतर. वेगळा फोल्डर करून गेम त्या फोल्डरचं नाव देऊन चालू केला तेव्हा कुठे माझी फाइल उचलली गेली.

आणि उचलल्यावर आवाजच नाही. गेमचा कन्सोल, म्हणजे संदेश दिसतात ती खिडकी, उघडला तर तिथे लिहिलेलं, 'मायक्रोसॉफ्ट पीसीएम फॉरमॅट ओन्ली'. फाइल तर वेव्हच होती! पण वेव्ह हा नुसता डबा आहे, आत काय भरलंय ते वेगळं असू शकतं, आणि माझ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने आत ३२ बिट फ्लोट, म्हणजे दशांशातले आकडे, भरलं होतं. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधून साइन्ड १६ बिट पीसीएम, म्हणजे साधे पूर्णांक, असं निवडून एक्स्पोर्ट केलं, तर आता म्हणे 'इज अ स्टिरिओ सॅम्पल'. बरोबरच आहे त्याचं, खोलीतल्या एका बिंदूपासून येणारा आवाज डावा-उजवा कसा करायचा ते गेम ठरवणार, त्याला मोनोच हवा. मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, केला तर 'नॉट लूप्ड', म्हणजे फाइल पुन्हा पुन्हा वाजणारी नाही, आणि परत शांतता.

इथे मी अंदाजाने बटणं दाबणं बंद केलं आणि सोर्स कोड उघडला. क्वेकचा कोड १९९९ मध्येच जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झालाय, आणि वेव्ह वाचणारा भाग इतका छोटा आहे की सी थोडंफार येत असलं तरी संध्याकाळभरात वाचून होतो. जो कोणी जुन्या गेमसाठी फाइली कन्व्हर्ट करतोय आणि त्या गेमचा कोड मिळतोय, त्याने आधी तो वाचावा असं माझं अगदी ठाम मत झालंय, कारण दहा ठिकाणचे सल्ले एकमेकांशी भांडतात आणि कोड भांडत नाही.

त्यात मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सापडली ती सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घेतलेत त्याची. विनक्वेक आवाज ११०२५ हर्ट्झवर मिक्स करतो. ४४१०० ची फाइल दिली तर तो कुरकुर न करता घेतो, एररबिरर काही नाही, पण स्वतः कमी करताना चारातला एक सॅम्पल ठेवतो आणि तीन टाकून देतो, मध्ये फिल्टर नाहीच. त्यामुळे वरचे सूर गायब होत नाहीत, ते खाली दुमडून येतात. १०००० हर्ट्झवर काही वाजत असेल तर ते तुम्हाला १०२५ वर ऐकू येतं, म्हणजे बरोब्बर जिथे धून चाललीय त्या भागात, आणि त्याचा सुराशी काही संबंध नसतो. माझ्या धुनेतल्या झांजा अशाच किरकिरत होत्या आणि मी उगाच रेकॉर्डिंगला दोष देत होतो.

म्हणून रेट आपणच कमी करायचा, ऑडॅसिटीच्या चांगल्या रिसॅम्पलरने, थेट ११०२५ वर, म्हणजे गेमला हात लावायला काही उरत नाही. साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं जातं हे खरं, झांजा नुसत्या 'टिक' उरतात, पण बासरीसारखा आवाज, खालचे तार, बेस हे सगळं छान राहतं, आणि खोलीत ठेवलेल्या जुन्या रेडिओसारखं जे वाटतं ते मला तर मूळपेक्षाही आवडलं. साइजही बघा, सीडी क्वालिटीला मिनिटाला साधारण साडेदहा एमबी लागतात, ११०२५, मोनो, ८ बिटला बरोबर त्याचा सोळावा भाग. गेमचे मूळ आवाज बहुतेक तसेच आहेत, पण मी ८ बिट केलं तेव्हा हळू वाजणाऱ्या जागी खरखर फार यायला लागली, आणि गेम १६ बिटही घेतो, मग १६ च ठेवलं.

मोनो करताना मात्र आधी ऐका. माझा मागचा पॅडचा आवाज इफेक्ट लावून दोन्ही बाजूंना पसरवलेला होता, दोन्ही चॅनल एकत्र झाल्यावर एकमेकांना खाऊन तो जवळजवळ नाहीसाच झाला, मग तो इफेक्ट काढून पुन्हा मिक्स करावं लागलं.

आता राहिला लूप. फाइलमध्ये क्यू मार्कर, म्हणजे लूप कुठून सुरू करायचा त्याची खूण, असेल तरच गेम तिला लूप मानतो, आणि असे कायमचे आवाज लूप नसतील तर वाजवतच नाही. मार्कर मी वेव्होसॉर नावाच्या दुसऱ्या ऑडिओ एडिटरमध्ये टाकला, अगदी सुरुवातीला. पण तो सगळ्यात शेवटी टाकायचा, मी मार्कर टाकून मग फाइल पुन्हा ऑडॅसिटीत उघडून आवाज थोडा वाढवला आणि सेव्ह केली तर मार्कर उडाला, आणि तासभर मी मॅपमध्येच चूक शोधत बसलो. सोर्स म्हणून एमपीथ्रीही घेऊ नका, एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता घालतो आणि लूप जुळत नाही, मूळ वेव्ह किंवा फ्लॅक असेल तर तेच घ्या.

जोडावर अजून एक खटकत होतं, शेवटच्या सुराचा घुमारा अर्धवट तुटून धून एकदम पहिल्यापासून सुरू व्हायची. मग तो तीन सेकंदांचा घुमारा शेवटातून कापला आणि धुनेच्या सुरुवातीवर मिक्स केला, म्हणजे पहिले सूर वाजताना मागे आधीच्या फेरीचा शेवट विरत असतो.

काल रात्री हेडफोन लावून बोळातून चालत गेलो. अर्ध्यात आल्यावर आधी बेस आला, मग बासरी, दारात उभा राहून डावीकडे बघितलं तर सगळी धून उजव्या कानात. पाच फेऱ्या होईपर्यंत तिथेच उभा होतो, जोड कुठे येतो ते मला माहीत असूनही सापडला नाही.