अंगठा राहिला

ऑक्टोबरात ऐरोलीला लेकीकडे होते. दुपारी नात बालवाडीतून आली आणि दप्तर टाकल्या टाकल्या मिरपूड मागायला लागली. दिली. तिने थाळीत पाणी घेतलं, वर मिरपूड भुरभुरली, बोटाच्या टोकाला साबण लावला आणि मधोमध टेकवला. मिरपूड सर्रकन काठाला पळाली. "आजी, जंतू घाबरले!" म्हणाली, बोट फ्रॉकला पुसलं आणि लाडवाच्या डब्याकडे वळली. "अगं, हात?" म्हटलं, तर माझी कीव आल्यासारखं बघून म्हणते, "लावला ना साबण!"

१५ ऑक्टोबर हा २००८ पासून जागतिक हात धुण्याचा दिवस. त्यानिमित्त टीचरनी हा प्रयोग करून दाखवलेला. प्रयोग देखणा आहे, माझा राग आहे तो वेगळाच. मिरपूड पळते कारण साबणाने मधल्या पाण्याचा पृष्ठताण ढिला पडतो आणि काठाकडचं पाणी तिला ओढून नेतं. जंतू कुठले घाबरायला! साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकटाला. मग हात चोळले की तेलकट सुटतं आणि त्याच्याबरोबर जंतूही वाहून जातात. सगळी गंमत चोळण्यात, आणि प्रयोगात नेमकं तेच नाही. बोट टेकवलं की झालं. चार वर्षांच्या पोरीला याहून सोयीचं काय सापडणार?

चोळायचं वीस सेकंद. तेवढा वेळ मोजायला वाढदिवसाचं गाणं दोनदा म्हणा, असं सांगतात. आमच्याकडे ते चाललं नाही, कारण गाणं संपलं की ती केक कुठाय विचारते. म्हणून मी बेचा पाढा काढला. शांतपणे म्हटला तर पुरतो, आणि संपतोही वीसावरच. पण बाई हुशार. 'बे पंचे दहा' झालं की थेट 'बे दाहे वीस'.

आम्हाला कोणी सेकंद मोजून दिले नव्हते. ठाण्यात चरईतल्या चाळीत पाणी पहाटे यायचं, ते पिंपात भरून दिवसभर तांब्याने पुरवायचं. जेवायला बसताना हात धुणं म्हणजे हाताला पाणी लावणं, बस. साबण निघायचा तो जेवण झाल्यावर! उलटच की. पण आजही बघा, जेवणाआधी नुसतं पाणी आणि बांगडा खाल्ल्यावर मात्र दोनदा साबण. हॉटेलवालेसुद्धा लिंबाची फोड घातलेलं गरम पाणी आणतात ते बिलाच्या आधी, ताटाच्या आधी नाही. मोरीच्या कोनाड्यात करवंटीत ती लाल वडी असायची, झिजून पापडी झालेली जुनी चकती नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवलेली. दोघींचा सांधा काळपट दिसायचा. दोन दिवसांनी जुनी चकती सटकन सुटायची आणि ती मोरीच्या जाळीतून काढायचं काम माझं.

तपासणी आत्याकडे. "हात आण इकडे" म्हणून ती पंजा नाकाशी धरायची. बांगड्याचा वास आला की परत मोरीत. जंतूबिंतू तिच्या शास्त्रात नव्हते.

पण नाकाला हसू नये. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. तिथे सुइणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी जास्त मरायच्या, कारण डॉक्टरमंडळी प्रेतं फाडून तशीच बाळंतिणींना तपासायला यायची. १८४७ मध्ये त्याने क्लोरीन घातलेल्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. तेच का, तर हाताला येणारा प्रेताचा वास त्याने जात होता! जंतूंचा पत्ता त्यालाही नव्हता. मृत्यू झपाट्याने कमी झाले, आणि बऱ्याच डॉक्टरांना राग आला. आमचे हात घाणेरडे? १८६५ मध्ये हा माणूस वेड्यांच्या इस्पितळात वारला, अंगावरची जखम चिघळून. शिकलेल्या दाढीवाल्यांना हात धुवायला लावणं ज्याला जमलं नाही, त्याच्यापुढे माझी नात म्हणजे काहीच नाही.

आता माझी खोड सांगते. मला अंगठा दिसतो. तळवे सगळे धुतात, बोटांच्या बेचक्यात जाणारेही असतात, पण अंगठा बहुतेकांचा राहतो. हात जोडून चोळताना तो आपला बाजूला उभा. आणि जेवताना घास तोंडात ढकलतो कोण? तोच! दुसऱ्या मुठीत धरून पिळल्यासारखा फिरवला तरच तो धुतला जातो. नातीला मी तेवढंच शिकवलंय, बाकीचं तिची आई बघेल.

मात्र ही खोड घराबाहेर त्रास देते. रविवारी सगळे ठाण्याला मामलेदार मिसळ खायला गेलो. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या शर्टातले एक काका नुकतेच हात धुऊन आलेले. चार बोटं ओली, अंगठा कोरडा ठणठणीत. त्यांनी पाव मोडला, रश्शात दाबला, अंगठ्यासकट. माझा घास हातातच. लेक दुसरीकडे बघायला लागली, जावई हळूच म्हणाले, "आई, जेवू द्या त्यांना. तर्री हवीय का अजून?"

हवी होती.