सहावा छर्रा

ओमानमध्ये निझवाला शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. त्यामुळे गुरुवारी आमच्या सनायात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, जो तो एकच धोशा लावतो: गाडी आजच पाहिजे. त्या गुरुवारी लँड क्रूझर पिकअप आली ती रिकव्हरीवर, म्हणजे बंद गाड्या वाहून आणणाऱ्या ट्रकवर, चढून. मालक जबल अख्दरवरचे, वयाने मोठे; सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. वर डाळिंबाची बाग, गोठ्यात बकऱ्या. वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या, वाटेवर पुढचं डावं चाक दगडात अडकलं, तेव्हा स्टेअरिंग पार शेवटापर्यंत वळवलेलं होतं. तशातच चाचांनी फोर-व्हील लो टाकून रेस दिली. एक ठोका बसला आणि मग कडकड सुरू झाली.

त्या डोंगराच्या पायथ्याशी बिरकत अल मौझला पोलिसांची चौकी आहे. फोर-व्हील नसलेली गाडी ते वर सोडत नाहीत. आमच्या गॅरेजची निम्मी भाकरी त्या चौकीच्या जिवावर चालते, असं मी गमतीने म्हणतो.

या पिकअपला पुढेही अखंड ॲक्सल असतो. 1999 साली पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, ॲक्सल मात्र अखंडच राहिला. चाकाजवळ, नकलच्या, म्हणजे स्टेअरिंगबरोबर वळणाऱ्या पोकळ गोळ्याच्या पोटात, शाफ्टचा सांधा असतो. वाटीच्या आकाराचं तोंड, आत पिंजरा आणि त्यात सहा छर्रे. आम्ही त्याला बर्फील्ड म्हणतो. स्टेअरिंग पूर्ण वळलेलं असताना जोर दिला की ही वाटी तडकते. हब फ्री करून, म्हणजे पुढचं चाक शाफ्टपासून सोडवून, टू-व्हीलवर गाडी नेता येते खरी, पण तुटलेला तुकडा आत अडकला तर वळणावर स्टेअरिंगच धरतं. चाचांनी गाडी चालवत आणली नाही हे बरं केलं.

चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर तारेने वर बांधला. हबची झाकणी, सर्क्लिप, मग कोन वॉशर. हे वॉशर नट सोडला तरी जागचे हलत नाहीत. स्टडच्या टोकाशी नट बरोबरीला आणून त्यावर पितळी हातोडीचा एक नेमका घाव द्यावा लागतो; हळूहळू ठोकत बसलात तर आटे खराब होतात. मग 54 मिलिमीटरचा बॉक्स पाना लावून मोठे नट काढले, हब उतरवला, हब ज्यावर फिरतो ते पोकळ स्पिंडल ठोकून सैल केलं.

स्पिंडल निघालं आणि आतून पातळ काळं पिठलं ओघळलं. सांध्यात भरलेलं घट्ट मोली ग्रीस असं ओघळत नाही. डिफचं, म्हणजे ॲक्सलमधल्या डिफरन्शियल गिअरचं ऑइल आतलं सील ओलांडून नकलमध्ये येत होतं, आणि ते आज-कालचं नव्हतं. सांधा दगडाने तुटला, पण कमजोर आधीच झाला होता.

वाटीची सपाट बाजू वर आणून शाफ्ट ओढला. वाटीचे दोन तुकडे, पिंजरा चेंबलेला. जुनं सील उपसून मी तुकडे ट्रेमध्ये मांडायला बसलो. तेवढ्यात पोऱ्याने चिंध्यांचा बोळा घालून आतलं पुसायला घेतलं.

वाटीचे तुकडे जुळवले तर अख्खी वाटी भरली. छर्रे मात्र पाचच.

"रस्त्यात पडला असेल," फोरमन म्हणाला. "माफी मुश्किल, काही अडचण नाही. बंद कर, चाचा थांबलेत."

पण पडणार कुठून? नकलच्या मागचं वायपर सील झिजलेलं असलं तरी जागेवर होतं. पुढून स्पिंडल बंद. बोराएवढा पोलादी छर्रा बाहेर जायला वाटच नव्हती. राहिली आतली वाट. सील काढलेलं, बोळ्याचा धक्का, आणि आम्ही गाडी फक्त डावीकडून उचललेली. या गाडीचा डिफ उजवीकडे असतो, म्हणजे ॲक्सलची डावी नळी लांब, आणि तिचा उतार सरळ डिफकडे. फोरमनला म्हटलं, हा छर्रा गिअरच्या दातांत सापडला तर डिफ आपल्या खिशातून भरावा लागेल. मग त्याने घाई सोडली.

डिफचं ऑइल खाली काढलं, नाहीतर सगळं डाव्या तोंडातून आमच्या अंगावर आलं असतं. डावी बाजू घोडीवरून खाली घेतली, उजवी उंच केली. छर्रा आला नाही. आतला गाळ त्याला धरून बसला असणार. सळईला जुन्या स्पीकरचं चुंबक बांधून घातलं, तर ते नळीलाच चिकटलं. नळीही लोखंडाचीच! शेवटी वायरिंगच्या प्लॅस्टिक पाइपात ते चुंबक आवळून बसवलं, नुसतं तोंड उघडं ठेवलं. आता ते बाजूंना न धरता पुढे सरकलं. डिफच्या अलीकडे बारीक 'टक्' झालं. बाहेर आला तो सहावा छर्रा, एका अंगाला टवका उडालेला.

पोऱ्या म्हणाला, "उस्ताद, मुझे तो आवाज भी नहीं आया." बोळ्याने छर्रा आत गेला तेव्हा आवाज कसा येणार, कंप्रेसर चालू होता.

नळी डिझेलने धुतली, नवं सील, नवा सांधा, दाबून भरलेलं ग्रीस, डिफला ताजं ऑइल. अंगणात दोन्ही बाजूंना पूर्ण स्टेअरिंग वळवून गोल फेऱ्या मारल्या, टकटक नाही. छर्रा शोधण्यात गेलेल्या वेळाची मजुरी फोरमनने लावली नाही.

उजव्या नकलच्या मागेही ओल दिसत होती. चाचांना दाखवली. बकऱ्या विकल्यावर बघू, म्हणाले. मी बिलावर तसं लिहून त्यांची सही घेतली.